हात लागताच बदलणारी पेशी

मायक्रोग्लियाचा अभ्यास करायला गेलेल्या जवळपास प्रत्येकाला एकाच अडचणीने गाठलं आहे. ही मेंदूची स्वतःची रोगप्रतिकारक पेशी. जखम, जंतू, मेलेली चेतापेशी, साचलेलं प्रथिन, काहीही वावगं आढळलं की ती फांद्या आखडते, फुगते, सरकते, रसायनं सोडते, समोरचं गिळून टाकते. आणि तिला पाहण्यासाठी प्रयोगशाळेत आपण जे जे करतो, म्हणजे कवटी उघडणं, मेंदूचा तुकडा कापणं, विकरं घालून तो सुटा करणं, पेशी प्लॅस्टिकच्या तळावर वाढवणं, ते सगळं तिच्या लेखी वावगंच असतं. त्यामुळे ही पेशी ‘सक्रिय’ झाली म्हणजे नेमकं काय झालं, या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक पिढीत वापरल्या जाणाऱ्या पद्धतीने ठरवलं. पुढची पद्धत आली की मागच्या उत्तरात पद्धतीचाच वाटा किती होता ते उघड होत गेलं.

सुरुवात रंगांपासून झाली. १८५६ साली रुडॉल्फ फिर्खो यांनी चेतापेशींच्या मधल्या द्रव्याला न्यूरोग्लिया म्हटलं, तेव्हा त्यांच्या लेखी ते मेंदू एकसंध धरून ठेवणारं जोडद्रव्य होतं. १८७३ मध्ये कामिल्लो गोल्जी यांनी मिलानजवळच्या अब्यातेग्रासो इथल्या असाध्य रुग्णांच्या इस्पितळात, स्वयंपाकघरात थाटलेल्या प्रयोगशाळेत, पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेट यांच्या जोरावर मोजक्या पेशी मुळापासून शेंड्यापर्यंत काळ्या करून दाखवल्या. चेतापेशींचं सगळं शास्त्र या रंगावर उभं राहिलं, पण मायक्रोग्लिया त्यात भरवशाने उमटत नाही. १८९९ मध्ये फ्रान्झ निस्ल यांना, उपदंश मेंदूत शिरून भ्रमिष्ट झालेल्या रुग्णांच्या मेंदूत, काठीसारख्या लांबट पेशी दिसल्या. निस्ल यांचा रंग केंद्रक आणि पेशीचं मुख्य अंग तेवढं रंगवतो. त्या काठ्यांना फांद्या असत्या तरी त्या त्यांना दिसणार नव्हत्या. एडिंबराच्या फोर्ड रॉबर्टसन यांनी १९०० च्या सुमारास प्लॅटिनमचं संयुग वापरून आणखी एका पेशीला मेसोग्लिया असं नाव दिलं. त्यांनी पाहिलेल्या पेशी बहुधा वेगळ्याच जातीच्या होत्या.

खरी गाठ सुटली ती माद्रिदमध्ये. सांतियागो रामोन इ काहाल यांनी १९१३ मध्ये सोन्याच्या क्लोराइडचा रंग वापरून तारापेशी लख्ख दाखवल्या. चेतापेशी हा पहिला घटक, तारापेशी हा दुसरा, आणि ज्यांच्या फांद्या दिसेनात त्या उरलेल्या गोल पेशींना ते ‘तिसरा घटक’ म्हणू लागले. त्यांचे तरुण सहकारी निकोलास आचुकारो यांनी टॅनिन आणि अमोनियामिश्रित चांदीचा रंग तयार केला होता. आचुकारो १९१८ मध्ये, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी, गेले. त्यांची प्रयोगशाळा आणि तो रंग, दोन्ही पिओ देल रिओ-ओर्तेगा यांच्याकडे आलं.

रिओ-ओर्तेगा यांची कृती जवळून पाहण्यासारखी आहे. मेंदूचा ताजा तुकडा फॉर्मॅलिन आणि अमोनियम ब्रोमाइडच्या द्रावणात ठेवायचा. तो गोठवून त्याचे पातळ काप काढायचे. काप अमोनियाच्या पाण्यात धुवायचे आणि चांदीच्या कार्बोनेटच्या अमोनियायुक्त द्रावणात सोडायचे. मग पातळ फॉर्मॅलिनमध्ये बुडवायचे, की कापावर चांदी उतरते. तुकडा किती दिवस मुरला, द्रावण किती ऊब धरून आहे, काप त्यात किती वेळ राहिला, यांतलं काही थोडं इकडेतिकडे झालं की चेतापेशी किंवा तारापेशी काळ्या होतात आणि हवी ती पेशी कोरी राहते. सगळं जमलं, तर फिकट पिवळ्या पार्श्वभूमीवर छोट्या, काट्याकाट्यांच्या फांद्या असलेल्या पेशी उठून दिसतात. प्रत्येकीने आपापला टापू राखलेला असतो, शेजारणीच्या फांदीला फांदी टेकत नाही.

१९१९ मध्ये त्यांनी या पेशींवर लागोपाठ लेख प्रसिद्ध केले आणि तिसऱ्या घटकाचे दोन भाग केले: ऑलिगोडेंड्रोग्लिया आणि मायक्रोग्लिया. त्यांनी प्राण्यांच्या मेंदूला सुईने जखम केली, मग वेगवेगळ्या दिवशी मेंदू काढून काप रंगवले. जखमेजवळ फांद्या जाड आणि आखूड झालेल्या, त्याच्या पुढे पेशी गोल होत चाललेली, आणि अगदी जखमेत तीच पेशी पोटात मेंदूचा कचरा भरून घेतलेली. प्रत्येक काप हा एका मेलेल्या क्षणाचा. त्या क्षणांची सलग हालचाल रिओ-ओर्तेगा यांनी मनात जुळवली आणि ती बरोबर जुळवली. मला ही त्या काळातली सर्वांत मोठी झेप वाटते. या पेशी भ्रूणावस्थेत बाहेरून मेंदूत शिरतात आणि मूळच्या चेतासंस्थेच्या नाहीत, असंही त्यांनी म्हटलं. त्यावर ९० वर्षं वाद चालला. २०१० मध्ये फ्लोरें जिन्हू आणि सहकाऱ्यांनी उंदरात पेशींचा माग काढून दाखवलं, की मायक्रोग्लिया भ्रूणाच्या पीतक पिशवीत जन्मणाऱ्या आद्य पेशींपासून येतात.

हे सगळं करणाऱ्या माणसाच्या वाट्याला मात्र फरफट आली. काहाल यांच्याशी संबंध बिघडले, १९२० मध्ये त्यांची प्रयोगशाळा सुटली. कॅनडात पुढे नावारूपाला आलेले शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड १९२४ मध्ये त्यांच्याकडे हा रंग शिकायला माद्रिदला गेले, म्हणून ती विद्या इंग्रजी जगात पोचली. स्पेनच्या यादवी युद्धात रिओ-ओर्तेगा यांना देश सोडावा लागला. पॅरिस, ऑक्सफर्ड आणि शेवटी ब्युनोस आयर्स, तिथेच १९४५ मध्ये ते वारले. त्यांच्या हातात जमणारा रंग इतरांच्या हातात जमेलच असं नव्हतं. पुढची काही दशकं मायक्रोग्लिया ही स्वतंत्र पेशी आहे की नाही यावरही शंका घेतली गेली, आणि त्यामागे रंगाची ही लहर मोठं कारण होती.

चांदीने सक्रियतेची जी व्याख्या दिली ती आकाराची: फांद्या पसरलेल्या तर पेशी विसावलेली, गोल झाली तर सक्रिय. ही व्याख्या चिवट निघाली. १९५३ मध्ये शोल यांनी मांजराच्या चेतापेशींच्या फांद्या मोजण्यासाठी केंद्राभोवती वर्तुळं आखून छेद मोजण्याची रीत काढली होती. आज तीच रीत संगणकावर मायक्रोग्लियाला लावतात आणि फांद्या किती आखडल्या त्याचा आकडा काढतात.

जखमेच्या त्या प्रयोगांत मात्र एक खोट होती: सुईने मेंदूला जखम केली की रक्तवाहिन्या फुटतात, रक्तातल्या पेशी आत येतात, आणि कोण मूळचा, कोण बाहेरचा, ते कळेनासं होतं. यावर जो तोडगा निघाला तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा वाटतो. म्युनिकमधल्या मॅक्स प्लांक संस्थेत गेओर्ग क्रॉइट्सबर्ग यांनी मेंदूला हातच लावला नाही. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी चेता कवटीतून कानामागे बाहेर पडते. उंदराची ती चेता तिथे, कवटीच्या बाहेर, कापायची. तिच्या मूळ पेशी मात्र खोल मेंदूखोडात बसलेल्या असतात. आपला तंतू तुटल्याची खबर त्यांना लागते आणि त्यांच्याभोवतीची मायक्रोग्लिया काही दिवसांत वाढू लागते, तिथे मेंदू आणि रक्त यांच्यातली भिंत शाबूत असताना. शिवाय दुसऱ्या बाजूची चेता न कापलेली, म्हणजे तुलनेसाठी त्याच जनावरात, त्याच कापावर, नमुना तयार. १९६८ मध्ये ब्लिन्त्सिंगर आणि क्रॉइट्सबर्ग यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, की मायक्रोग्लिया जखमी चेतापेशीच्या अंगाला घट्ट चिकटून तिच्यावरच्या जोडण्या दूर सारते आहे. या प्रयोगात सक्रिय मायक्रोग्लिया कोणाला गिळत नव्हती. सक्रिय म्हणजे भक्षक, हे समीकरण तिथे पहिल्यांदा ढिलं झालं.

१९७५ मध्ये केंब्रिजला क्योलर आणि मिलस्टीन यांनी एकाच लक्ष्याला चिकटणारी प्रतिपिंडं हवी तेवढी बनवण्याची युक्ती शोधली आणि रंगवणाऱ्याच्या हातगुणावरचं अवलंबन संपलं. ऑक्सफर्डमध्ये पेरी, ह्यूम आणि गॉर्डन यांनी १९८५ मध्ये एफ४/८० नावाच्या प्रतिपिंडाने उंदराच्या वाढत्या मेंदूतल्या मायक्रोग्लिया टिपल्या. जपानमध्ये कोहसाका यांच्या गटाने १९९० च्या दशकात इबा१ हे प्रथिन शोधलं, आणि त्याविरुद्धचं प्रतिपिंड आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक मेंदू-प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये असतं.

प्रतिपिंडांमुळे सक्रियतेची व्याख्या आकारावरून प्रथिनावर आली. व्हँकुव्हरच्या पॅट्रिक मॅगीर यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस अल्झायमर आणि पार्किन्सनच्या मृत रुग्णांचे मेंदू एचएलए-डीआर या प्रथिनासाठी रंगवले. ते प्रथिन मिरवणाऱ्या मायक्रोग्लिया तिथे भरपूर होत्या. यातून एक मोठा विचार निघाला: मेंदूतला दाह शमवला तर रोग थांबेल. संधिवाताची औषधं घेणाऱ्यांत अल्झायमर कमी दिसतो का, याची चाचपणी झाली. अमेरिकेत २००१ मध्ये नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब देऊन मोठी चाचणी सुरू झाली, ती २००४ मध्ये थांबवावी लागली आणि औषधांनी रोग टाळल्याचं दिसलं नाही. मृत मेंदूच्या कापावरचा तपकिरी डाग पेशी तिथे आहे एवढंच सांगतो. ती आग लावते आहे की विझवते आहे, हे त्या डागाला विचारता येत नाही.

ते विचारायचं तर जिवंत पेशी हाताशी हवी. १९८० मध्ये मॅकार्थी आणि द व्हेलिस यांनी आणि १९८६ मध्ये ज्युलियन आणि बेकर यांनी त्याची वाट करून दिली. एक-दोन दिवसांची उंदराची पिल्लं घ्यायची. मेंदूवरचं आवरण सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने सोलून काढायचं. ते राहिलं तर पुढे नको त्या पेशी माजतात. मेंदूचा बाहेरचा थर ट्रिप्सिनने सुटा करून फ्लास्कमध्ये गाईच्या भ्रूणाचं सीरम घातलेल्या माध्यमात सोडायचा. दहा-बारा दिवसांत तळाशी तारापेशींचा सपाट थर जमतो आणि त्यावर गोल, चमकदार पेशी सैलसर बसलेल्या दिसतात. त्याच मायक्रोग्लिया. फ्लास्कचं झाकण घट्ट लावून तो हलवणाऱ्या यंत्रावर दोनेक तास ठेवला की त्या सुटून वर तरंगतात. त्या गोळा करून नव्या तळावर टाकल्या की लवकरच पक्क्या चिकटतात.

मग त्यांना चेतवायचं. त्यासाठी सर्वांत सोयीची काडी म्हणजे जिवाणूंच्या आवरणातला लिपोपॉलिसॅकराइड, ज्याला सगळे एलपीएस म्हणतात. मिलिलिटरला शंभर नॅनोग्रॅम घातला तरी पुरतो. दुसऱ्या दिवशी वरचं माध्यम थोडं काढून त्यात ग्रीसचं द्रावण मिसळलं, की पेशींनी नायट्रिक ऑक्साइड सोडलं असेल त्या प्रमाणात गुलाबी रंग येतो आणि यंत्र तो ५४० नॅनोमीटरला वाचतं. हा गुलाबी रंग योहान पेटर ग्रीस यांचा. इंग्लंडात बर्टन-ऑन-ट्रेंट इथल्या बिअरच्या भट्टीत रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरी करणाऱ्या या माणसाने १८७९ मध्ये नायट्राइट ओळखण्याची ही कसोटी दिली. शंभर वर्षांनी ती पेशींच्या दाहाचं मोजमाप बनली. खर्च नगण्य, तासाभरात आकडा हाती. १९९० मध्ये इटलीत पेरुजा इथे उंदराच्या मायक्रोग्लियाला कर्कजनुकं चढवून बीव्ही-२ ही अमर पेशीरेषा तयार झाली, मग पिल्लंही लागेनाशी झाली. ज्या प्रयोगशाळांकडे फारसा पैसा नाही तिथेही मायक्रोग्लियाचं काम सुरू होऊ शकलं, ते या दोन गोष्टींमुळे, आणि तो उपकार मी मोठा मानतो.

भारतातलं याचं महत्त्वाचं उदाहरण म्हणजे जपानी मेंदूज्वर. हरियाणात मानेसर इथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात अनिर्बन बसू यांच्या गटाने २००७ च्या सुमारास दाखवलं, की विषाणूमुळे चेतलेल्या मायक्रोग्लियातून सुटणारी रसायनं चेतापेशींच्या मृत्यूला हातभार लावतात, आणि मिनोसायक्लिन या जुन्या प्रतिजैविकाने उंदरांमध्ये हे चेतणं आणि नुकसान दोन्ही कमी झालं. हा आजार मुलांना गाठतो आणि वाचलेल्यांना अपंग करून सोडतो, म्हणून तो शोध जिव्हाळ्याचा होता. त्याच मिनोसायक्लिनकडून मोटर न्यूरॉनच्या आजारातही मोठ्या आशा होत्या. पण २००७ मध्येच अमेरिकेतल्या ४१२ रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला आणि औषध घेणाऱ्यांची प्रकृती औषध न घेणाऱ्यांपेक्षा वेगाने ढासळली होती.

फ्लास्कमधल्या पेशीत काय खोट होती, ते हळूहळू समजत गेलं. एक तर माणसाच्या मायक्रोग्लिया एलपीएस देऊनही नायट्रिक ऑक्साइड फारच कमी सोडतात. तो गुलाबी रंग मुख्यतः उंदराचा. दुसरं म्हणजे सीरम. निरोगी मेंदूत रक्तद्रव येतच नाही. मायक्रोग्लियाला सीरम लागलं याचा तिच्यापुरता अर्थ एकच, रक्तवाहिनी फुटली. आपण तिला दहा दिवस रक्तस्रावात वाढवत होतो आणि मग तिला विसावलेली म्हणून तुलनेला घेत होतो. २०१७ मध्ये दोन गटांनी हे नेमकं मांडलं. गॉसेलिन आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत निघालेल्या माणसाच्या मेंदूतल्या मायक्रोग्लिया घेऊन दाखवलं, की डिशमध्ये काही तासांतच त्यांची खास जनुकं मंदावू लागतात. बोलेन आणि सहकाऱ्यांनी सीरम काढून टाकून तीन गोष्टींच्या आधाराने पेशी जगवल्या आणि फांद्याही फुटू दिल्या: टीजीएफ-बीटा, सीएसएफ-१ किंवा आयएल-३४, आणि कोलेस्टेरॉल. आणखी एक अडचण कामाच्या टेबलावरची. अमिलॉइडसारखी प्रथिनं अनेकदा जिवाणूंमध्ये बनवून घेतात. त्यांच्याबरोबर एलपीएसचा अंश आला, तर पेशी प्रथिनाने चेतली की अशुद्धीने, हे सांगता येत नाही. हा तपास न करता छापलेल्या निष्कर्षांवर माझा विश्वास बसत नाही.

डिशच्या याच काळात शरीरातल्या इतर भक्षक पेशींकडून, म्हणजे मॅक्रोफेजकडून, एम१ आणि एम२ ही विभागणी उसनी घेतली गेली, एक वाईट आणि एक चांगली. मेंदूत अशा दोन जाती सापडत नाहीत, असं रिचर्ड रॅन्सोहॉफ यांनी २०१६ मध्ये बजावलं आणि २०२२ मध्ये अनेक देशांतल्या संशोधकांनी मिळून ती भाषा सोडण्याचं आवाहन केलं. ती अजूनही पुरती सुटलेली नाही.

२००५ साली पेशी तिच्या घरीच पाहता आली. १९९० मध्ये डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी दोन-फोटॉन सूक्ष्मदर्शक दिला होता, २००० मध्ये मायक्रोग्लियात हिरवं प्रथिन चमकणारा उंदीर तयार झाला होता. आक्सेल निमरयान, फ्रँक किर्शहॉफ आणि फ्रिट्योफ हेल्मशेन यांनी, तसंच न्यूयॉर्कमध्ये डावालोस, वेन-बियाओ गान आणि सहकाऱ्यांनी, कवटी घासून कागदासारखी पातळ केली आणि तिच्या आरपार पाहिलं. विसावलेली म्हणवली जाणारी मायक्रोग्लिया एक क्षण स्थिर नव्हती. पेशीचं अंग जागच्या जागी, पण फांद्या सतत पुढे-मागे होत, काही तासांत सगळा परिसर चाचपून काढत होत्या. लेसरने एका बिंदूला इजा केली की आसपासच्या फांद्या काही मिनिटांत तिथे धावत आणि त्या जागेला वेढून टाकत. चांदीच्या कापावर ८६ वर्षं जी शांतता दिसत होती ती फॉर्मॅलिनने आणलेली होती.

इथेही हात लागलाच. २००७ मध्ये गान यांच्या गटाने दाखवलं, की कवटीचा तुकडा काढून काच बसवली तर खालच्या मायक्रोग्लिया चेततात आणि चेतापेशींच्या जोडण्यांची उलथापालथही वाढते. कवटी पातळ करून ठेवली तर तसं होत नाही. हिरवा रंग ज्या उंदरात बसवला त्याच्या पेशींत एका ग्राही प्रथिनाच्या जनुकाची एक प्रत त्यासाठी खर्ची पडलेली असते. आणि २०१९ मध्ये दोन प्रयोगशाळांनी जाग्या उंदरांत मोजून दाखवलं, की जागेपणी नॉरएपिनेफ्रिन या फांद्यांना आवर घालतं; भूल दिली की त्या जास्त पसरतात. आधीची बरीचशी चित्रणं भूल दिलेल्या उंदरांची होती.

माणसाच्या जिवंत मेंदूत सूक्ष्मदर्शक नेता येत नाही, तिथे पीईटी स्कॅन आला. टीएसपीओ या प्रथिनाला चिकटणारं किरणोत्सारी रसायन शिरेतून द्यायचं आणि ते मेंदूत कुठे साठतं ते बघायचं. बनाटी, कॅग्निन आणि सहकाऱ्यांनी २००० आणि २००१ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस आणि अल्झायमरच्या रुग्णांत असे उजळ भाग दाखवले. दोन दशकं त्या उजेडाचा अर्थ चेतलेली मायक्रोग्लिया असा लावला गेला. २०२३ मध्ये नुटमा आणि सहकाऱ्यांनी सांगितलं, की चेतलेल्या पेशीत टीएसपीओ वाढतं ते उंदरात; माणसाच्या या आजारांत पेशीमागे ते वाढत नाही, आणि उजेड वाढला तर बहुधा पेशींची संख्या वाढलेली असते. जुने स्कॅन त्यामुळे फुकट गेले नाहीत, पण त्यांचे अर्थ पुन्हा लावावे लागतील.

सध्याचा काळ एकेका पेशीतला आरएनए वाचण्याचा आहे. २०१७ मध्ये इस्रायलच्या वाइझमान संस्थेत इदो अमित आणि मिखाल श्वार्त्स यांच्या गटांना अल्झायमरच्या उंदरांत, अमिलॉइडच्या गाठींभोवती, मायक्रोग्लियाची एक वेगळी अवस्था सापडली. ती पूर्ण यायला ट्रेम२ हे जनुक लागतं, आणि माणसात या जनुकातले काही बदल अल्झायमरचा धोका वाढवतात हे २०१३ पासून माहीत होतं. त्या अवस्थेतल्या पेशी गाठ खाऊन साफ करू पाहतात. म्हणजे दाह सरसकट शमवण्याची जुनी उमेद या पेशींनाही थोपवणारी ठरली असती.

पण पेशी सुट्या करायच्या तर विकर आणि ३७ अंशांची ऊब लागते. मार्श आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दाखवलं, की तेवढ्या वेळात मायक्रोग्लिया ताणाची आणि दाहाची जनुकं चालू करते, आणि ती रोगाची खूण म्हणून वाचली जाऊ शकतात. उपाय म्हणजे सगळं काम बर्फावर करायचं, किंवा पहिल्या क्षणापासून आरएनए बनणंच रोखणारी द्रव्यं घालायची. गोठवलेल्या मानवी मेंदूतून अखंड पेशी निघत नाहीत, म्हणून तिथे नुसती केंद्रकं काढून वाचतात. ऊब नाही, विकर नाही, पेशीला काही करायला सवडच नाही. मात्र २०२० मध्ये थ्रप आणि सहकाऱ्यांनी केंद्रकं आणि अखंड पेशी यांची तुलना केली, तेव्हा एपीओई, सीडी७४, एसपीपी१ अशी नेमकी सक्रियतेची म्हणून ओळखली जाणारी जनुकं केंद्रकांत कमी सापडली, कारण त्यांचा आरएनए बव्हंशी केंद्रकाबाहेर असतो. म्हणून आता काप जसाच्या तसा ठेवून जागच्या जागी आरएनए वाचण्याकडे ओढा आहे. तिथे मायक्रोग्लियाच्या बारीक फांद्या चेतापेशींच्या आणि तारापेशींच्या जंजाळात गुंतलेल्या असतात, आणि शेजारणीचा आरएनए हिच्या खात्यावर पडू नये यासाठी प्रत्येक पेशीची सीमा कापावर कुठे आखायची, यावर सध्या काम चाललं आहे.